आईकडून आलेली केंद्रकी

सस्तन मादीच्या अंडाशयात अंडं असतं, हे १८२७ सालापर्यंत कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. अंदाज पुष्कळ होते, वादही पुष्कळ झाले होते. त्या वर्षी क्योनिग्सबर्गला कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी एका कुत्रीचं अंडाशय उघडलं. कुत्री त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक बुर्डाख यांच्या घरची. अंडाशयातल्या एका फुगीर पुटिकेत फॉन बेअर यांना पिवळसर ठिपका दिसला. सुरीच्या टोकानं तो उचलून त्यांनी पाण्यानं भरलेल्या घड्याळाच्या काचेत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वीज अंगावर पडावी तसे ते मागे सरले, असं त्यांनीच पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

त्यानंतर आठच वर्षांनी, १८३५ मध्ये, एर्लांगेनच्या रूडोल्फ वाग्नर यांनी अंडपेशीच्या आणखी आत पाहिलं. अंडपेशीचं केंद्रक मोठं आणि पारदर्शक होतं आणि त्यात एक गडद, गोल डाग ठळक उठून दिसत होता. तीच आजची केंद्रकी. केंद्रक असलेल्या बहुतेक पेशींत ती असते, पण अंडपेशीत ती इतकी मोठी आणि घट्ट असते की दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या काचांमधूनही ती नजरेतून सुटली नाही. पण जिथे ती इतकी स्पष्ट दिसली, तिथेच तिचं काम काय, हे कळायला मात्र पावणेदोनशे वर्षं लागली. तो उलगडा मक्याच्या शेतातून, आफ्रिकेतल्या बेडकांतून आणि डुकरांच्या अंडाशयांतून होत गेला. जीवशास्त्राच्या अलीकडच्या इतिहासातलं हे मला अतिशय मोलाचं प्रकरण वाटतं.

एकोणिसाव्या शतकात केंद्रकीची चित्रं ढिगानं काढली गेली, पण ती कशासाठी असते हे कुणालाच सांगता येत नव्हतं. काही जण तिला अन्नाचा साठा म्हणत, काही जण टाकाऊ पदार्थांचा गोळा. निदान ती कुठे तयार होते, याचं भक्कम उत्तर १९३४ मध्ये बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी दिलं. मक्याच्या सहाव्या गुणसूत्रावर एक ठरावीक जागा आहे आणि केंद्रकी तिथेच तयार होते, हे त्यांनी दाखवलं. क्ष-किरणांमुळे ही जागा मधोमध तुटून दोन गुणसूत्रांवर विभागली गेलेलं एक झाड त्यांच्या हाती होतं. त्या झाडाच्या पेशींत दोन्ही तुकड्यांनी आपापली केंद्रकी तयार केली होती. म्हणजे केंद्रकी ही केंद्रकात कुठेही जमणारी साय नव्हती. तिचा पत्ता गुणसूत्रावर ठरलेला होता.

पुढच्या दशकात स्वीडनचे टॉर्ब्योर्न कास्परसन आणि बेल्जियमचे जाँ ब्राशे यांनी केंद्रकीत आरएनए भरपूर असतो आणि प्रथिनं बनवण्याच्या कामाशी त्याचा संबंध असावा, हे पुढे आणलं. तो संबंध नेमका कोणता, हे सांगणारा पुरावा मात्र ऑक्सफर्डमध्ये अगदी अनपेक्षितपणे सापडला.

१९५०च्या दशकात ऑक्सफर्डच्या प्राणिशास्त्र विभागात मिखाइल फिशबर्ग यांचा गट झेनोपस या दक्षिण आफ्रिकी बेडकावर काम करत होता. हा बेडूक इंग्लंडमध्ये आला तो मुख्यतः गर्भचाचणीसाठी. बाई गरोदर असेल तर तिच्या लघवीचं इंजेक्शन दिल्यावर बेडकी काही तासांत अंडी घालते, हे लान्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून १९३०च्या दशकात कळलं होतं, त्यामुळे अनेक दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत हे बेडूक पाळलेले असत. हवी तेव्हा अंडी मिळतात म्हणून गर्भविज्ञानवाल्यांनाही ते सोयीचे वाटले.

या बेडकाच्या पेशीत साधारणपणे दोन केंद्रकी असतात. फिशबर्ग यांच्या गटाला मात्र काही पिल्लांच्या प्रत्येक पेशीत एकच केंद्रकी दिसली. दुर्लक्ष करण्याजोगी ही बाब होती. पिल्लं ठणठणीत होती, मोठी होत होती. पण टॉम एल्सडेल, फिशबर्ग आणि शीला स्मिथ यांनी तिचा पिच्छा पुरवला आणि १९५८ मध्ये हा आनुवंशिक दोष असल्याचं प्रसिद्ध केलं. एकच केंद्रकी असलेल्या नर-मादीची जोडी लावली की चौथाई पिल्लांत केंद्रकी मुळीच नसे. ही पिल्लं अंड्यातून बाहेर येत, शेपटी हलवत थोडं पोहत आणि खायला लागण्याच्या आतच मरत.

त्याच प्रयोगशाळेत जॉन गर्डन हा तरुण विद्यार्थी होता. प्रौढ होत चाललेल्या पेशीचं केंद्रक अंड्यात घालून त्यापासून अख्खा बेडूक वाढवता येतो, हे त्यानं दाखवलं आणि त्याच कामासाठी २०१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. या प्रयोगांवर एक साहजिक शंका येत असे: नवा बेडूक खरोखर बाहेरून घातलेल्या केंद्रकापासून झाला, की अंड्याचं मूळचं केंद्रक चुकून आत राहून गेलं? गर्डन यांनी केंद्रक घेतलं एका केंद्रकीवाल्या पिल्लाचं आणि अंडं घेतलं दोन केंद्रकीवाल्या बेडकीचं. वाढलेल्या बेडकाच्या पेशींत एकच केंद्रकी दिसली की शंकेला जागाच उरत नसे. एका विद्यापीठातल्या बेडकांमधला दोष जगातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगांपैकी एकाचा साक्षीदार ठरला.

१९६४ मध्ये बाल्टिमोरचे डोनाल्ड ब्राउन आणि गर्डन यांनी मिळून केंद्रकी नसलेल्या त्या पिल्लांचा आरएनए तपासला. पेशीत प्रथिनं बनवणारा रायबोसोम ज्या आरएनएपासून बनतो, तो ही पिल्लं तयारच करत नव्हती. केंद्रकी म्हणजे रायबोसोम तयार होण्याची जागा, यावर त्या दिवशी शिक्कामोर्तब झालं. पण मला त्यांच्या निष्कर्षाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. एकही रायबोसोम स्वतः न बनवता ही पिल्लं पोहण्याइतकी मोठी झाली कशी? तर आईनं अंड्यात आधीच रायबोसोम भरून ठेवले होते. ती शिदोरी संपेपर्यंत पिल्लू जगलं. म्हणजे नव्या जिवाचे पहिले दिवस बरेचसे आईच्या बळावर जातात.

इथून पुढे पाठ्यपुस्तकांत केंद्रकीपुढे एकच ओळ कायम झाली: रायबोसोम बनवण्याची जागा. ओळ खरी आहे, पण ती सस्तन प्राण्यांच्या पूर्ण वाढलेल्या अंडपेशीला लागू पडत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सस्तन प्राण्यांची गोष्ट बेडकाहून निराळी आहे. उंदराची अंडपेशी सुमारे ८० मायक्रॉनची, माणसाची त्याहून जराशी मोठी. बेडकाचं अंडं यांच्यापुढे प्रचंड. उंदराच्या गर्भाची स्वतःची जनुकं दोन पेशींच्या अवस्थेतच मोठ्या प्रमाणावर कामाला लागतात, माणसाची चार ते आठ पेशींच्या सुमाराला. तोवर सगळा कारभार आईनं अंड्यात ठेवलेल्या प्रथिनांवर आणि आरएनएवर चालतो. आणि नेमक्या याच काळात केंद्रकी विचित्र वागते. अंडपेशी पूर्ण वाढली की तिचं रायबोसोमचं काम थांबतं. सर्वसाधारण केंद्रकीत वेगवेगळे थर दिसतात. इथे मात्र ते नाहीसे होऊन एकसंध, घट्ट, काचेच्या गोळीसारखी वस्तू उरते. तिच्याभोवती घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचं कडं तयार होतं. इटलीत पाव्हिया इथल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की हे कडं तयार झालेल्या उंदराच्या अंडपेशी पुढे नीट वाढतात आणि न झालेल्या बहुतेक दोन पेशींवरच अडकतात. कड्याचा आणि गर्भाच्या भवितव्याचा काहीतरी संबंध आहे, हे त्यातून दिसत होतं. मधल्या गोळीकडे मात्र बहुतेकांनी विझलेली चूल म्हणूनच पाहिलं.

त्याआधीपासूनच दुसऱ्याच वाटेनं एक प्रथिन पुढे येत होतं. १९७८ मध्ये केंब्रिजला रॉन लास्की आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या अंड्यात एक आम्लधर्मी प्रथिन सापडलं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळला जातो, ती हिस्टोनं सांभाळून नेऊन डीएनएच्या हवाली करण्याचं काम ते करत होतं. पाच एकसारखे रेणू कडं करून एकत्र काम करतात, अशी त्याची रचना. ‘मॉलिक्युलर शॅपरोन’ हा शब्दप्रयोग जीवरसायनशास्त्रात पहिल्यांदा याच प्रथिनासाठी झाला. त्याचं नाव न्यूक्लिओप्लाझ्मिन. शुक्रपेशीच्या डोक्यात डीएनए कमालीचा घट्ट ठासलेला असतो. फलनानंतर तो सैल करण्याचं कामही बेडकात हेच प्रथिन करतं, हे पुढे स्पष्ट झालं.

सस्तन प्राण्यांतल्या याच्या भावंडाला एनपीएम२ म्हणतात आणि ते मुख्यतः अंडपेशीतच असतं. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये मार्टिन मॅट्झुक यांच्या प्रयोगशाळेत कॅथलीन बर्न्स आणि सहकाऱ्यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. नरांना काहीच झालं नाही. माद्यांनी अंडी सोडली, ती फळलीही. पण त्यातले बहुतेक गर्भ पहिल्याच विभाजनाच्या उंबरठ्यावर थबकले. बेडकाच्या अनुभवावरून अपेक्षा अशी होती, की बापाचा डीएनए सैल न झाल्यामुळे हे घडत असणार. प्रत्यक्षात तो डीएनए व्यवस्थित सैल झाला होता. बिघाड दुसरीकडेच होता. अंडपेशीतली ती घट्ट गोलाकार केंद्रकी तयारच झालेली नव्हती आणि तिच्याभोवतीचं डीएनएचं कडंही नव्हतं. २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे काम आलं. एनपीएम२ हे आईच्या बाजूनं काम करणारं जनुक आहे, एवढं त्यातून पक्कं झालं. पिल्लात ते असो वा नसो, आईत असायलाच हवं.

पण एक प्रश्न उरला होता. जनुक काढल्यावर अंडपेशीत कितीतरी गोष्टी बिघडल्या असतील. गर्भ मरतो तो केंद्रकी नसल्यामुळे, की आणखी कशामुळे? याचं उत्तर मिळवायचं तर केंद्रकी आणि फक्त केंद्रकीच काढून घ्यायला हवी होती.

हे काम हातांनी झालं. प्राग इथले योसेफ फुल्का धाकटे आणि त्यांचे सहकारी २००० नंतरच्या वर्षांत डुकराच्या अंडपेशीवर त्यासाठी हात बसवत होते. डुकराची अंडपेशी चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेली, काळपट. आतलं केंद्रक दिसतच नाही. तिला अपकेंद्री यंत्रात फिरवलं की चरबी एका बाजूला जमा होते आणि केंद्रक उघडं पडतं. मग पेशीचा आतला सांगाडा सैल करणारं औषध घालून, केसाहून बारीक काचेची नळी पेशीत शिरवायची, केंद्रकाच्या आवरणाशी टेकवायची आणि गोळी अलगद ओढून घ्यायची. गुणसूत्रं आतच राहिली पाहिजेत. नळी एक-दोन मायक्रॉन इकडे-तिकडे झाली तरी पेशी फुटते. हे सगळं अंडपेशी परिपक्व व्हायच्या आत उरकावं लागतं, कारण परिपक्व होताना केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि केंद्रकीही त्याबरोबर दिसेनाशी होते. ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली असली कामं केली आहेत त्यांना माहीत असेल, की इथे यंत्र कितीही चांगलं असलं तरी अखेर माणसाच्या बोटांवर सगळं अवलंबून असतं.

जपानमध्ये कोबे इथे सुगाको ओगुशी, ताकाशी मियानो आणि मिचिनोरी साइतोउ यांनी फुल्का यांच्याबरोबर हे तंत्र डुकराच्या आणि उंदराच्या अंडपेशींवर वापरलं. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला. केंद्रकी काढलेली अंडपेशी परिपक्व झाली. जणू काही झालंच नव्हतं. ती फळलीही. पण फलनानंतर अंड्यात जी दोन केंद्रकं तयार होतात, एक आईच्या गुणसूत्रांचं आणि एक बापाच्या, त्या दोन्हींत केंद्रकी उगवलीच नाही आणि गर्भाची वाढ थांबली. काढलेली केंद्रकी परत घातली, तर वाढ पुन्हा सुरू झाली. बापाच्या केंद्रकातली केंद्रकीसुद्धा आईकडूनच येते. शुक्रपेशी हा भाग आणतच नाही. क्लोनिंगमध्येही तेच दिसलं. शरीरातल्या एखाद्या पेशीचं केंद्रक अंड्यात घातलं, तरी नव्या गर्भाची केंद्रकी त्या पेशीची नसून अंड्याची असते. म्हणजे क्लोनिंगमधून जन्मलेल्या डॉलीसारख्या मेंढीचा केंद्रकातला डीएनए पूर्णपणे एका प्रौढ मेंढीचा म्हटला, तरी तिची पहिली केंद्रकी दुसऱ्याच मेंढीची असणार.

आता ‘रायबोसोमची जागा’ हे उत्तर पुरेसं वाटलं असतं. केंद्रकी नाही, म्हणून रायबोसोम नाहीत, म्हणून गर्भ मेला. मियानो यांच्याच गटातल्या हिरोहिसा क्योगोकू आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा सोपा निष्कर्ष पार उलटवला. त्यांनी केंद्रकी काढली ती फलनानंतर, दोन्ही केंद्रकं तयार होऊन बराच वेळ गेल्यावर. गर्भ वाढले, दुसऱ्या उंदरीच्या गर्भाशयात ठेवल्यावर त्यातून जिवंत पिल्लं जन्मली. काही विभाजनांनंतर त्यांच्या पेशींनी नव्या केंद्रकी स्वतःच, नव्या सामग्रीतून बनवल्या. याचा अर्थ आईची केंद्रकी पुढच्या केंद्रकींची जननी नव्हतीच. तिचं काम फलनानंतरच्या पहिल्या काही तासांतच उरकत होतं. मग ते काम कोणतं?

२०१७ मध्ये ओगुशी, साइतोउ आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं आणि त्या लेखावर ह्यूस्टनच्या मॅट्झुक यांचंही नाव होतं. चौदा वर्षं शेजारी शेजारी चाललेल्या दोन वाटा तिथे एक झाल्या. गुणसूत्राचा मध्यबिंदू, जिथे विभाजनाच्या वेळी ओढणारे धागे अडकतात, त्याच्या आसपास पुनरावृत्त डीएनएचे लांबलचक पट्टे असतात. फलनानंतर आई-बाप दोघांचेही हे पट्टे केंद्रकीच्या कडेनं जमतात आणि तिथेच त्यांची नीट घडी बसते. केंद्रकी काढलेल्या अंड्यांत ही घडी विस्कटली. पहिलं विभाजन लांबलं आणि गुणसूत्रं दोन पेशींत चुकीच्या संख्येनं वाटली गेली. एनपीएम२ नसलेल्या अंडपेशींतही हीच चूक दिसली. तेव्हा काचेच्या नळीमुळे इजा झाली असेल, ही शंकाही मिटली.

अंडपेशीच्या केंद्रकीत कोणती प्रथिनं आहेत, याची त्यांनी यादी केली, तेव्हा सगळ्यात ठळक निघालं ते एनपीएम२. मग केंद्रकी काढलेल्या अंड्यांत त्यांनी फक्त हे एक प्रथिन तयार करवलं. आणि केंद्रकी पुन्हा उभी राहिली. पहिलं विभाजन सुरळीत झालं. गर्भ पूर्ण वाढून पिल्लं जन्माला आली. त्यासाठी पाच रेणूंचं कडं बनणं गरजेचं होतं आणि प्रथिनाची दोन्ही टोकं शाबूत असणंही. पेशीतला एवढा मोठा अवयव एकाच प्रथिनाच्या जोरावर परत उभा करता यावा, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत थक्क करणारं वळण आहे. केंद्रकीत शेकडो प्रथिनं असतात, हे वाचत आलेल्या माणसाला ते पचवायला वेळ लागतो.

नंतरच्या काळात केंद्रकीची आणखी एक भूमिका पुढे आली. उंदराच्या गर्भात दोन पेशींच्या अवस्थेची जनुकं जागी करणारं डक्स नावाचं जनुक काम झाल्यावर केंद्रकीच्या कडेला नेऊन दाबून ठेवलं जातं, हे २०१८ मध्ये मिशेल परचार्ड आणि मिगेल रामाल्हो-सांतोस यांच्या गटानं दाखवलं. त्यात न्यूक्लिओलिन हे केंद्रकीतलं दुसरं एक प्रथिन गुंतलेलं आहे. पण ती पुढची कहाणी, आणि ती अजून लिहिली जाते आहे.

माणसाच्या बाबतीत हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनमधले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी भारतातलं शास्त्रीय नोंदी असलेलं पहिलं परीक्षानळी बाळ जन्मलं. आज महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत अशी केंद्रं आहेत. तिथला गर्भतज्ज्ञ अंडं आणि शुक्रपेशी एकत्र आणल्यानंतर सोळा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तेव्हा त्याला फलनाची खूण म्हणून दिसतात दोन केंद्रकं आणि त्यांत ओळीनं लागलेल्या किंवा विखुरलेल्या केंद्रकी. १९९८-९९ मध्ये लिनेट स्कॉट आणि यान टेसारिक यांच्या गटांनी या केंद्रकींच्या मांडणीवरून गर्भाचा दर्जा ठरवण्याच्या पद्धती सुचवल्या. त्यातून गर्भाबद्दल किती सांगता येतं यावर पुढे मतभेद झाले आणि एकट्या मांडणीवर विसंबून गर्भ निवडणं आज शहाणपणाचं मानलं जात नाही. पण तिथे जे दिसतं ते आईकडून आलेलं आहे, यात आता वाद नाही.

आपल्या शाळा-कॉलेजांच्या पुस्तकांत केंद्रकीचं काम अजून एकाच ओळीत संपतं. जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्या ओळीखाली आणखी एक ओळ वर्गात सांगावी: सस्तन प्राण्यांच्या पूर्ण वाढलेल्या अंडपेशीतली केंद्रकी रायबोसोम बनवत नाही, आई-बापाच्या गुणसूत्रांची पहिली वाटणी बिनचूक व्हावी म्हणून ती तिथे असते आणि ती फक्त आईकडून येते.